नकाराची ऐपत

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘अर्थशास्त्र आणि न्याय’ या विषयावर बोलावे असे मला सांगण्यात आले, तेव्हा मी प्रथम जरा कचरलो. आपल्या अभ्यासवर्गांत हा विषय निघाला की दोनच प्रकारची भाषणे होतात. न्याय हा नीतीचा प्रश्न आहे, अर्थशास्त्राने त्यात तोंड घालू नये, असे सांगणारे एक. आणि अर्थशास्त्र हे धनिकांचे शास्त्र आहे, तेव्हा ते वाचण्याचे कारणच नाही, असे सांगणारे दुसरे. ही दोन्ही भाषणे मी स्वतः केलेली आहेत. म्हणून त्यांतली सोय मला चांगली ठाऊक आहे. दोहोंतही वाचण्याचे कष्ट वाचतात. आज मी ती सोय सोडून, गेल्या चार दशकांत अर्थशास्त्रज्ञांनी माणसाच्या न्यायबुद्धीवर जे प्रयोग केले त्यांपैकी काहींची हकीकत आपल्यापुढे ठेवणार आहे. या प्रयोगांत खरी माणसे असतात, खरा पैसा असतो, आणि कोणी कोणता निर्णय घेतला याची नोंद ठेवलेली असते. त्यांतून आपल्याला सोयीचे तेवढे उचलायचे आणि गैरसोयीचे खाली ठेवायचे, असे मी करणार नाही.

सुरुवात जर्मनीतल्या कोलोन शहरापासून करतो. १९८२ साली वेर्नर ग्युट आणि त्यांचे दोन सहकारी, श्मिटबर्गर व श्वार्त्से, यांनी एका साध्या खेळाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. खेळ असा. दोन अनोळखी माणसे. त्यांच्यामध्ये काही मार्क ठेवलेले. पहिल्याने सांगायचे की यातले इतके माझे आणि इतके तुझे. दुसऱ्याला घासाघीस करता येत नाही. त्याने ‘हो’ म्हटले तर सांगितल्याप्रमाणे वाटणी होते. ‘नाही’ म्हटले तर सगळे पैसे परत जातात आणि दोघांच्याही हाती काही लागत नाही. म्हणून याला निर्वाणीच्या प्रस्तावाचा खेळ म्हणायला हरकत नाही.

आता पाठ्यपुस्तकातला तो सुप्रसिद्ध ‘आर्थिक मानव’ येथे काय करील? शंभरातले नव्याण्णव तो स्वतःकडे ठेवील आणि एक पुढे सरकवील. आणि दुसराही आर्थिक मानवच असल्यामुळे तो तो एक मुकाट्याने उचलील, कारण शून्यापेक्षा एक मोठा. कोलोनच्या विद्यार्थ्यांनी असे केले नाही. पहिल्या फेरीत देऊ केलेला वाटा सरासरीने सदतीस टक्क्यांच्या आसपास होता, आणि निम्मेनिम वाटणी करणारे पुष्कळ होते. आठवड्याने, विचार करायला सवड मिळाल्यावर, हीच सरासरी बत्तिसाच्या आसपास उतरली. (विचाराने माणूस थोडा कंजूष होतो, हेही येथे नोंदवून ठेवू.) आणि फार कमी वाटा पुढे आला की दुसरा माणूस तो नाकारी. स्वतःच्या खिशाला तोशीस लावून नाकारी.

या खेळाची पुढे जगभर शेकडो आवर्तने झाली. मानववंशशास्त्रज्ञ जोसेफ हेन्‍रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पंधरा छोट्या समाजांत नेला आणि २००१ साली आपले निष्कर्ष मांडले. पेरूच्या जंगलातले माचिगेंगा लोक सरासरीने सव्वीस टक्केच देऊ करीत आणि समोरचाही ते बहुधा घेई. तर इंडोनेशियातल्या लामालेरा गावचे देवमाशाची शिकार करणारे कोळी निम्म्याहून अधिक देऊ करीत. माचिगेंगा कुटुंब आपापले शेत कसते. लामालेराचा कोळी एकटा देवमासा मारू शकत नाही. ज्या समाजात रोजचे पोट दुसऱ्याच्या हातावर अवलंबून आहे, तेथे वाटणीचा हातही मोकळा. पाठ्यपुस्तकात वर्णिलेला माणूस मात्र पंधरापैकी एकाही समाजात भेटला नाही.

येथवर आले की आपल्यातले बरेच जण खूष होतात. न्यायबुद्धी ही माणसाची सहजप्रवृत्ती आहे, भांडवलशाहीने ती झाकून टाकली आहे, झाकण काढले की झाले, असे एक सुबक चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. मीही काही काळ या चित्रात रमलो होतो. पण त्याला पहिला तडा जातो तो कॅनडात. डॅनियल काह्‌नमन, जॅक नेट्श आणि रिचर्ड थेलर यांनी तेथील लोकांना दूरध्वनीवरून काही प्रश्न विचारले आणि १९८६ साली उत्तरे छापली. एका गावात बेकारी आहे, महागाई मुळीच वाढलेली नाही, आणि मालक मजुरी सात टक्क्यांनी कापतो. हे न्याय्य आहे काय? बासष्ट टक्के लोक म्हणाले, अन्याय आहे. दुसऱ्या काही लोकांना विचारले की बेकारी तशीच आहे, पण महागाई बारा टक्क्यांनी वाढली आहे आणि मालक मजुरीत पाचच टक्के वाढ देतो, हे कसे? अठ्ठ्याहत्तर टक्के म्हणाले, चालेल. मित्रहो, दोन्ही ठिकाणी मजुराचे नुकसान जवळजवळ सारखेच, सात टक्क्यांच्या आसपास आहे. एक कापणी उघड आहे, दुसरी बाजारभावाच्या आड आहे. महागाई भत्त्याच्या लढ्यात ज्यांनी वर्षे घालवली त्यांना हे नवे नाही. पण ज्या न्यायबुद्धीवर आपण इतका भरवसा ठेवतो ती आकड्यांच्या मांडणीने फसते, ही गोष्ट येथे पुराव्यानिशी समोर येते.

दुसरा तडा अधिक खोल आहे, आणि तो आपल्याच देशात गेलेला आहे.

कोलोनच्या प्रयोगावर पहिल्यापासून एक आक्षेप होता. चार-दहा मार्कांसाठी विद्यार्थी स्वाभिमान दाखवतील; रक्कम मोठी झाली की काय करतील? मोठी रक्कम वाटायची तर श्रीमंत देशातल्या विद्यापीठाला परवडत नाही. म्हणून संशोधक गरीब देशात येतात. या एका वाक्यात जागतिक अर्थव्यवस्थेचे बरेचसे वर्णन आले, पण ते असो. स्टेफन अँडरसन, उरी नीझी, जॉन लिस्ट आणि त्यांचे सहकारी ईशान्य भारतातल्या गरीब खेड्यांत गेले आणि तोच खेळ त्यांनी वीस, दोनशे, दोन हजार आणि वीस हजार रुपयांवर मांडला. त्यांच्याच हिशोबाने सर्वांत लहान रक्कम म्हणजे तेथल्या माणसाचे पावणेदोन तासांहूनही कमी काम. सर्वांत मोठी म्हणजे सोळाशे तासांचे काम. निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. रक्कम जसजशी वाढत गेली, तसतसा देऊ केलेला वाटा टक्केवारीने घटत गेला. आणि वीस हजारांवर नाकारणारा जवळजवळ कोणी उरला नाही.

हा निष्कर्ष वाचून पुष्कळ अर्थशास्त्रज्ञांना हायसे वाटले असावे. शेवटी आपला आर्थिक मानव सापडला म्हणायचा! पण आपण जरा थांबून हिशोब करू. सोळाशे तास म्हणजे आठ तासांचा दिवस धरून दोनशे दिवसांची कमाई. समजा समोरच्याने त्यातला दहावा हिस्सा पुढे केला, तर तो वीस दिवसांचा रोजगार होतो. अपमान तोच आहे. नऊ हिस्से त्याचे, एक माझा. पण कोलोनच्या विद्यार्थ्याला या अपमानाला उत्तर देण्यासाठी एका कॉफीची किंमत मोजावी लागत होती, आणि या माणसाला वीस दिवसांची चूल मोजावी लागते. त्याने वाटा उचलला म्हणून त्याला तो वाटा न्याय्य वाटला, असे कसे म्हणता येईल? एवढे खरे की तेथे प्रस्ताव मांडणाऱ्यांना ज्या सूचना दिल्या होत्या त्या कमी देऊ करण्याकडे कल व्हावा अशाच होत्या. संशोधकांनी हे लपवलेले नाही, आणि कमी प्रस्ताव आल्याशिवाय नकाराची परीक्षा होत नाही हे त्यांचे कारणही रास्त आहे. तेव्हा देणाऱ्याच्या कंजूषपणाबद्दल या प्रयोगावरून फार बोलू नये. घेणाऱ्याबद्दल मात्र बोलता येते. न्यायाची जाणीव असणे वेगळे आणि तिच्यापायी ‘नाही’ म्हणण्याची ऐपत असणे वेगळे. पहिली गोष्ट कदाचित सगळ्यांना सारखी वाटून मिळाली असेल. दुसरी तशी मिळालेली नाही.

मग एकट्याला जी ऐपत नाही ती चौघे मिळून येते काय? आपले सगळे राजकारण ‘येते’ या उत्तरावर उभे आहे. म्हणून हे उत्तर तपासून पाहणे आपले कर्तव्यच आहे.

जेरुसलेमच्या विद्यापीठातले गॅरी बोर्नस्टाईन आणि इलन यानिव यांनी निर्वाणीचा खेळ व्यक्तींऐवजी तिघातिघांच्या गटांत खेळवला. तिघांनी आपसांत चर्चा करून प्रस्ताव ठरवायचा. समोरच्या तिघांनी चर्चा करून तो घ्यायचा की नाकारायचा ते ठरवायचे. १९९८ साली आलेले निष्कर्ष आपल्या अपेक्षेच्या उलट होते. गट व्यक्तीपेक्षा कमी देऊ करीत, आणि कमीवर तयारही होत. चार डोकी एकत्र आली की माणुसकी वाढते, हा आपला समज येथे टिकत नाही. चर्चेत ‘आपले’ हित साधण्याचा युक्तिवाद सहज सुचतो आणि त्याला मान डोलावणारेही सोबत बसलेले असतात. मी एकट्याने केले असते तर लाजलो असतो, पण समितीचा ठराव म्हटल्यावर लाज तिघांत वाटली जाते. ज्यांनी सहकारी संस्थेच्या संचालक मंडळात एखादे वर्ष काढले आहे त्यांना जेरुसलेमपर्यंत जाण्याचीही गरज नाही.

पण दुसऱ्या एका प्रयोगमालिकेत गट अगदी निराळे वागले. त्यासाठी थोडी पार्श्वभूमी हवी. १९७१ साली जॉन रॉल्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने न्यायाविषयीचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्याने एक कल्पना मांडली होती. समजा, समाजाचे नियम ठरवायला माणसे जमली आहेत, पण त्या समाजात आपण जमीनदार होणार की भूमिहीन, हे त्यांच्यापैकी कोणालाच माहीत नाही. अशा अज्ञानाच्या पडद्याआड बसून ती कोणता नियम करतील? रॉल्सचे उत्तर असे की सर्वांत तळाशी असलेल्याचे जास्तीत जास्त भले करणारा नियम. अर्थशास्त्रज्ञ हर्सान्यीचे म्हणणे पडले की नाही, ती सरासरी वाढवणारा नियम करतील. हा वाद वर्षानुवर्षे ग्रंथालयातच चालला होता. नॉर्मन फ्रोलिक आणि जो ओपनहायमर या दोघांनी ठरवले की माणसांनाच विचारावे.

त्यांनी पाच-पाच विद्यार्थ्यांचे गट केले. प्रत्येक गटापुढे चार तत्त्वे ठेवली. तळाचे उत्पन्न शक्य तितके वाढवणे. सरासरी शक्य तितकी वाढवणे. सरासरी वाढवणे, पण तळाचे उत्पन्न एका मर्यादेखाली जाऊ न देता. आणि सरासरी वाढवणे, पण वरच्या व खालच्या उत्पन्नातले अंतर एका मर्यादेबाहेर जाऊ न देता. गटाने मोकळेपणाने चर्चा करायची आणि एकमताने एक तत्त्व निवडायचे. मग कोणाला कोणता उत्पन्नवर्ग मिळतो हे चिठ्ठीने ठरायचे आणि त्याप्रमाणे खरे पैसे मिळायचे. अमेरिका आणि कॅनडात हे प्रयोग झाले. पोलंडमध्येही तेथील संशोधकांनी ते करून पाहिले. रॉल्सचे तत्त्व निवडणारे गट जवळजवळ सापडलेच नाहीत. बहुसंख्य गट तिसऱ्या तत्त्वावर एकमत करीत. खाली एक जोते बांधा, त्याखाली कोणी जाऊ नये. त्यावर ज्याला जितके चढता येईल तितके चढू द्या. जोते किती उंच असावे यावर गटांत बराच वेळ वाद होई. जोते असावे यावर फारसा वाद होत नसे.

आपल्यापैकी काहींना हे तत्त्व फार मवाळ वाटेल. मलाही वाटले. पण मला या प्रयोगाचा पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो, आणि तो फारसा कोणी सांगत नाही. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात, तत्त्व निवडल्यावर गटाला कामाला लावले होते. मजकुरातल्या शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त करण्याचे कंटाळवाणे काम. ज्याचे काम जास्त त्याची मिळकत जास्त. मग गटाच्या तत्त्वानुसार वरच्यांकडून थोडे काढून खालच्यांना द्यायचे. असे दोन-तीन वेळा. काही गटांनी तत्त्व स्वतः चर्चा करून ठरवले होते. काहींवर तेच तत्त्व संशोधकांनी वरून लादले होते. मदतीने माणूस आळशी होतो, हे आपण शिधापत्रिकेपासून कर्जमाफीपर्यंत प्रत्येक प्रसंगी ऐकत आलो आहोत. येथे काय झाले? ज्या गटांनी नियम स्वतः केला होता, तेथे मदत मिळालेल्यांचे काम घटले नाही, उलट वाढले. जेथे तोच नियम लादलेला होता, तेथे अशी वाढ दिसली नाही. नियमातले अक्षरही बदललेले नव्हते. बदल एवढाच की एका ठिकाणी ज्याला मदत मिळत होती तो मदतीचा नियम करणाऱ्यांत बसलेला होता.

एलिनॉर ऑस्ट्रॉम, जेम्स वॉकर आणि रॉय गार्डनर यांनी १९९२ साली सामाईक चराऊ रानासारख्या साधनावर जे प्रयोग प्रसिद्ध केले, त्यांचा रोखही असाच आहे. बोलण्यास मनाई करून नुसता दंडाचा अधिकार दिला तेव्हा माणसे एकमेकांना दंड करण्यातच मिळकत घालवून बसली; एकदा एकत्र बसून दंड असावा की नसावा आणि असला तर किती, हे त्यांनीच ठरवले तेव्हा ती शक्य असलेल्या कमाल मिळकतीच्या जवळ पोहोचली. २००९ साली ऑस्ट्रॉमना नोबेल पारितोषिक मिळाले ते अशाच कामासाठी, आणि अर्थशास्त्रात ते मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री होत.

तेव्हा जेरुसलेमचा गट आणि हे गट यांत फरक काय? जेरुसलेमचे तिघे दुसऱ्या तिघांसाठी वाटणी ठरवीत होते. फ्रोलिक-ओपनहायमरचे पाच जण स्वतःला बांधणारा नियम करीत होते, आणि त्यात आपण कोणत्या पायरीवर असू हे त्यांना माहीत नव्हते. ‘गट’ हा शब्द दोन्हीकडे एकच, वस्तू निराळी.

आता प्रयोगशाळेतून बाहेर, ओडिशातल्या खेड्यांत येऊ. एमिली ब्रेझा, सुप्रीत कौर आणि नंदिता कृष्णस्वामी यांनी तेथील रोजंदारीच्या शेतमजुरांचा जो अभ्यास २०१९ साली मांडला, तो माझ्या मते आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घ्यावा. त्या खेड्यांत मजुरांची संघटना नव्हती, फलक नव्हता, वर्गणी नव्हती. पण मजुरीचा एक रूढ दर होता. संशोधकांनी १८३ मालकांच्या सहकार्याने ५०२ मजुरांना काम देऊ केले. काम खरे, मालक खरा, मजुरी खरी. काहींना रूढ दराने, काहींना त्यापेक्षा कमी दराने. आणि हे विचारणे कधी घरात, कोणाच्या कानी पडणार नाही असे. कधी बाहेर, शेजारीपाजारी ऐकतील असे.

रूढ दर असला तर घरात विचारा की दारात विचारा, उत्तरात फरक पडत नव्हता. दर कमी असला की मात्र फरक पडे. हाताला काम नसलेली माणसे घरात ‘येतो’ म्हणत आणि चारचौघांत ‘नको’ म्हणत. शेजाऱ्यांच्या नजरेत दर मोडणारा ठरू नये म्हणून माणूस किती सोडून देत होता? संशोधकांच्या अंदाजाने सरासरी साप्ताहिक मिळकतीच्या ४९ टक्के. ईशान्येकडच्या खेड्यात एकटा बसलेला माणूस वीस दिवसांची चूल नाकारू शकत नव्हता; ओडिशातला मजूर शेजाऱ्यांसमोर अर्ध्या आठवड्याची चूल नाकारीत होता. पुढे आणखी एक खेळ मांडण्यात आला. कमी दराने काम स्वीकारलेल्या एका अनामिक मजुराला दंड करायचा असेल तर स्वतःचे थोडे पैसे खर्चून करता येईल, असे मजुरांना सांगितले. तो अनामिक मजूर दुसऱ्या गावचा असला तरी लोक पैसे मोजून त्याला दंड करीत.

याच ओडिशात ब्रेझा, कौर आणि योगिता शामदासानी यांनी लहान उत्पादनाच्या कामावर ३७८ मजूर महिनाभर लावले. एकाच तुकडीतल्या तिघांना काही ठिकाणी सारखा, काही ठिकाणी वेगळा रोज दिला. कोणाचे काम किती हे नीट दिसत नसलेल्या तुकड्यांत वेगळ्या रोजामुळे उत्पादन घटले आणि हजेरी १८ टक्के अंकांनी खाली आली. घरी बसून रोज बुडवणे परवडत नसलेली माणसे घरी बसली. जेथे अधिक रोज मिळणाऱ्याचे काम खरोखरच अधिक आहे हे सगळ्यांना स्पष्ट दिसत होते, तेथे मात्र वेगळ्या रोजाबद्दल कोणाची कुरकूर नव्हती. तेव्हा मजूर आंधळी समानता मागतो हा आरोप खरा नाही. तो हिशोब मागतो.

पण आता गैरसोयीच्या बाजूकडे वळतो, कारण तसे करण्याचे मी प्रारंभी कबूल केले आहे. घरात ‘येतो’ म्हणणारा तो माणूस कोण होता? तो फितूर नव्हता. त्याच्या हाताला काम नव्हते. त्याच्या घरात त्या दिवशी काय शिजले असेल याची आपण कल्पना करू शकतो. गावाच्या नजरेने त्याला घरी बसवले, आणि त्यामुळे ज्यांना काम होते त्यांचा दर टिकला. दर टिकणे हे त्याच्याही पुढच्या हंगामाच्या हिताचे होते, हे मी मानतो. पण किंमत आज त्याने दिली आणि त्याला कोणी विचारले नव्हते. आणि जी नजर दर राखते तीच नजर दुसऱ्या प्रसंगी माणसाला वाळीत टाकते. जातपंचायतींच्या बहिष्काराला आळा घालण्यासाठी महाराष्ट्र विधिमंडळाला २०१६ साली स्वतंत्र कायदा संमत करावा लागला, तो याच नजरेविरुद्ध. पाणवठा बंद करणे, लग्नकार्याला न बोलावणे, कामावर न घेणे, ही हत्यारे मजुरीचा दर राखायला आणि आंतरजातीय लग्न मोडायला सारखीच उपयोगी पडतात. हत्याराकडे पाहून ते कोणत्या पक्षाचे आहे हे ओळखता येत नाही.

शिवाय हे हत्यार उचलण्याची ऐपतही सगळ्यांना सारखी नाही. कार्ला हॉफ, मयुरेश क्षेत्रमाडे आणि एर्न्स्ट फेर यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत केलेला प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात एकाने दुसऱ्याचा विश्वासघात केला तर तिसरा, म्हणजे फसवल्या गेलेल्याचा जातभाई, स्वतःचे पैसे खर्चून फसवणाऱ्याला दंड करू शकत होता. उच्च जातींतले लोक आपल्या माणसासाठी असा दंड अधिक तत्परतेने करीत. खालच्या मानलेल्या जातींतले बरेच कमी. संपत्ती, शिक्षण, राजकीय सहभाग हे सगळे हिशोबात धरूनही हा फरक उरला. आपल्या समाजातल्या माणसाविषयीच्या आस्थेत जातिपरत्वे हा सांस्कृतिक फरक असावा, असे संशोधक सुचवतात. मी त्यांच्या मोजणीपुढे मान तुकवतो, पण या अर्थापुढे नाही. आपल्या भावासाठी हात उगारला तर सगळी वस्ती जळते, हे ज्यांच्या आजोबांनी पाहिले, ज्यांच्या बापाने पाहिले, त्यांच्या नातवाच्या हिशोबात दंडाची किंमत प्रयोगातल्या चार रुपयांची नसते. ती आस्था नव्हे. ती पुन्हा ऐपतच.

याच ठिकाणी मला आपल्या राज्यातल्या एका जुन्या कामाची आठवण द्यावीशी वाटते. १९६५ साली सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग सुरू झाला. १९७२च्या दुष्काळाने त्याची गरज सर्वांच्या गळी उतरवली. १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्यासाठी शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून व्यवसायकर कापला गेला, आणि खडी फोडायला, बांध घालायला आलेल्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे होते. या योजनेवरचा भ्रष्टाचार, खोटी हजेरीपत्रके, अर्धवट राहिलेले पाझर तलाव, यांबद्दल आपण सर्वांनी पुष्कळ मोर्चे काढले आणि ते काढायलाच हवे होते. पण त्या मोर्चांच्या गर्दीत आपण एक गोष्ट पुरेशी सांगितली नाही. त्या कामावर जो गेला त्याला रोज मिळाला, एवढाच त्या कायद्याचा अर्थ नव्हता. जो गेला नाही, पण जाऊ शकत होता, त्यालाही मालकापुढे उभे राहताना काहीतरी मिळाले होते. फ्रोलिक आणि ओपनहायमर यांच्या विद्यार्थ्यांनी ज्या जोत्यावर एकमत केले, ते आपल्याकडे मातीचे आणि खडीचे का होईना, त्यांच्याआधीच बांधले गेले होते.

हा निव्वळ माझा तर्क नाही. २००५ साली देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा झाला. त्यानंतर अविभक्त आंध्र प्रदेशात मजुरी थेट मजुराच्या हाती पडावी म्हणून सरकारने बोटांचे ठसे घेणारी कार्डे आणली, आणि ती कोणत्या मंडलांत आधी व कोणत्या नंतर द्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवले. त्यामुळे कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर यांना दोन्ही प्रकारच्या मंडलांची तुलना करता आली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, जेथे योजना नीट चालू लागली तेथे गरीब कुटुंबांची मिळकत वाढली. पण ती वाढ मुख्यतः सरकारी कामावरून आलेली नव्हती. ती खाजगी कामावरच्या मजुरीतून आली. बाजारातला दर वाढला होता. आणि ‘किती मिळाले तर कामाला जाल?’ या प्रश्नाला मजूर जो आकडा सांगत, तोही वाढला होता. तो आकडा सांगताना शेजारी ऐकत आहेत की नाहीत याची त्यांना पर्वा करावी लागत नव्हती, आणि कोणाला वाळीत टाकण्याचीही गरज पडली नव्हती.

पुढच्या महिन्यात आपल्यातले बरेच जण हंगामाच्या तोंडावर मजुरीच्या दरासाठी गावोगाव बैठका घेणार आहेत. बैठक रात्री देवळात घेतली तर कोण येत नाही, दर ठरवताना ज्याच्या हाताला काम नाही तो बोलायला उभा राहतो काय, पुरुषाचा दर ठरल्यावर बाईचा दर कोण ठरवते, यांबद्दल आपल्या अनुभवातून ऐकायला मला आवडेल. प्रश्नोत्तरांना अर्धा तास राखून ठेवला आहे असे अध्यक्षांनी बजावले आहे, तेव्हा मी येथेच थांबतो.